ठमाबाईची चावी

"साधी माशी जरी जहाजावर चालून आली ना, तरी आपली ठमाबाई तिला हवेतच उडवील. एकशे एक टक्के!"

युद्धनौकेवरच्या त्या तोफवाल्याचं बोलणं हे असं. म्हणून सगळे त्याला 'एकशेएक' म्हणायचे. आणि ठमाबाई म्हणजे त्याची तोफ. पांढऱ्या गोल डोक्याची, बुटकी. जहाजावर क्षेपणास्त्र आलं, की ही बया स्वतःच बघते, स्वतःच मान वळवते आणि तुमच्या तोंडून 'अगं बाई' निघायच्या आत शेकडो गोळ्या झाडून मोकळी होते! फक्त तिला चावी लावलेली हवी. चावी काढली, की नुसती मान फिरवत बसते, बिच्चारी.

त्या दिवशी जहाज धक्क्याला लागलेलं होतं आणि मोठे साहेब हेलिकॉप्टरनं तपासणीला येणार होते. कप्तानांनी बजावलं होतं, "साहेब येताना तोफेनं नुसती मान फिरवून दाखवायची. चावी तुझ्या खिशात. जमलं तर तोफेचा प्रमुख तू. चुकलं तर भटारखान्यात कांदे सोलायचे!"

"खिशातच आहे सर. एकशे एक टक्के!"

हेलिकॉप्टर दिसलं. ठमाबाईनं गर्रकन मान वळवली आणि नळ्या थेट साहेबांवर रोखल्या. एकशेएकनं ऐटीत खिशात हात घातला, चावी बाहेर काढली आणि बघतो तर काय. ती घरच्या कपाटाची चावी होती!

मग तोफेची कुठंय? तोफेलाच राहिली? सकाळी काढली होती की काल? की काढायचं नुसतं ठरवलं होतं? देवा रे! गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या रस्त्यातून घरी परतणारा माणूस तो. तिथे फार तर दूध जातं, इथे साहेब जाणार होते!

तो पळत सुटला.

"अरे, झालं काय?" कप्तान ओरडले.

"काही नाही सर!" असं किंचाळतच तो शिडी चढला. हेलिकॉप्टर जवळ येत होतं आणि ठमाबाई काही नजर हटवत नव्हती. चावीचं भोक तोफेच्या पलीकडच्या अंगाला. तिकडे वळसा घालायला वेळ कुठला? त्यानं डोळे मिटले आणि समोरचं, तोफ बंद करायचं लाल बटण दाबलं.

ठमाबाईनं मान टाकली.

हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. एकशेएकनं धापा टाकत पलीकडे जाऊन पाहिलं. भोक रिकामं! म्हणजे साहेब तसेही जगणारच होते. हुश्श! पण मग चावी गेली कुठे?

"काय हो, ही झोपली वाटतं?" खालून साहेबांनी विचारलं.

"नाही सर! आपला माणूस ओळखला आमच्या ठमाबाईनं, म्हणून मान खाली घातली!"

साहेब भलतेच खूश झाले. "वा! चला मग समुद्रात, आता खरा नेम बघू. लावा चावी!"

एकशेएक उगाच सगळे खिसे चाचपू लागला. तेवढ्यात धक्क्यावर आरडाओरडा झाला. मागे तीन पहारेकरी धावत होते आणि पुढे तरातरा येत होती त्याची आई. हातात चावी!

"अरे मेल्या, माझी औषधं कपाटात, कपाटाची चावी तुझ्याजवळ आणि हे लोढणं आमच्या फळीवर! लहानपणी दप्तर विसरायचास, आता तोफ विसरतोस?"

साहेबांनी आईकडे पाहिलं, मग तोफेकडे.

"एवढ्या वेगानं आल्या या. तुमच्या ठमाबाईला दिसल्या नाहीत?"

ठमाबाई मान खाली घालून गप्प. कप्तानांनी तोंड उघडायच्या आतच एकशेएक आपल्या पायानं भटारखान्याकडे निघाला.

"अरे, निघालास कुठे?" आई ओरडली. "माझी चावी दे आधी!"