शामण्णांचा पाहुणा

शामण्णांच्या शर्टाच्या खिशात गोल्फच्या नियमांची पुस्तिका असते. लग्नाला, बारशाला, बाजारात, कुठेही. परवा भाजीच्या दुकानात कोणीतरी रांगेत मध्येच घुसला, तर त्यांचा हात आधी खिशाकडे गेला.

बंगळूरला चामराजपेटेत आमच्या वरच्या मजल्यावर, थोरली बहीण अक्का वारल्यापासून ते एकटेच राहतात. बँकेतून निवृत्त. बंगळूरपासून दोन तासांवर, एका लहान गावाबाहेर, कुणा बागायतदाराने नारळांच्या शेजारी नऊ खड्ड्यांचं खासगी गोल्फ मैदान केलंय. शामण्णा तिथले जुने मेंबर. मेंबरला महिन्यातून एकदा एक पाहुणा नेता येतो. गेली तीन वर्षं तो पाहुणा मी.

मला पाहुणा व्हायचं नव्हतं, मेंबर व्हायचं होतं. हातगाडीवर स्टीलची ताटं विकून दोन दुकानं उभी केलेला माणूस मी! शिवाजीनगरचा एक टाइल्सवाला मेंबर झाला आणि गाडीच्या काचेवर क्लबचं स्टिकर लावून माझ्या दुकानासमोरून मुद्दाम हळू जातो. मला फक्त एका जुन्या मेंबरची सही हवी होती. शामण्णा म्हणायचे, "स्वल्प थांब, दत्तू. आधी खेळ सुधार."

खेळाचं खरं सांगतो. गेल्या रविवारी पहिल्या खड्ड्यात माझा चेंडू एकदाचा पडला.

"नऊ फटके," शामण्णा म्हणाले.

"नऊ कसे? दोन हवेतच गेले!"

"हवेतलेही धरतात. नियम आहे."

"चेंडूला लागलाच नाही, तर फटका कसला? सात लावा."

"नऊ."

"बरं, तुमचं नको, माझं नको. आठ."

गवत कापणारा माळी हसत खालीच बसला. शामण्णांनी कार्डावर ठळक नऊ लिहिला. चौदा वर्षांच्या शेजारात या माणसाने मला कशातही तसूभर सूट दिलेली नाही.

सहाव्या खड्ड्याला चेंडू तळ्यात गेला. रागाने मी स्टिकही त्याच्यामागे फेकली. मग आठवलं, स्टिक शामण्णांची होती. चूक माझी, म्हणून आवाजही मीच चढवला.

"पुरे झालं! त्या टाइल्सवाल्याला खेळता येतं का? मग मीच का नको? हा घ्या फॉर्म. आज सही करा, नाहीतर आपला संबंध संपला!"

 शामण्णांनी पेन काढलं.

"सरी, ठीक आहे. आण इकडे."

फॉर्म हातात घेऊन, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पाहुण्याला इथे एकट्याने फिरता येत नाही. मेंबरने शेवटच्या खड्ड्यापर्यंत त्याच्याबरोबर चालायचं, असा नियम आहे. तू मेंबर झालास की तुझी गाडी, तुझी माणसं. अक्का गेल्यापासून माझ्याबरोबर चालायला... नियमाने का होईना, तूच आहेस."

सौद्यात समोरचा मोडला की मला लगेच कळतं. तिथेच दाबायचं असतं. आयुष्यभर तेच केलं.

सही व्हायच्या आधीच मी फॉर्म त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पुढच्या महिन्यात किती वाजता निघायचं?"

"साडेपाच," ते म्हणाले.

"रविवार असतो, शामण्णा. सहा."

"साडेपाच."

मी फॉर्म घडी करून खिशात टाकला. ते चार पावलं पुढे गेले आणि थांबले.

"पावणेसहा," म्हणाले.