चौथा स्क्रू

टेंभेकर काकाजी कॉम्प्युटरचं झाकण लावताना चारपैकी तीनच स्क्रू पिळतात. चौथा स्वतःच्या खिशात टाकतात आणि म्हणतात, "चौथा उद्या."

कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. दुरुस्त झालेलं यंत्र दिवसभर चालून दाखवल्याशिवाय ते पास करत नसत. तोच नियम आता आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरगुती कॉम्प्युटरांना लागू आहे. दुसऱ्या दिवशी बरोबर साडेदहाला, दुखऱ्या गुडघ्यानं आमचे दोन जिने चढून, ते तो एक स्क्रू बसवायला येतात. मग चहा होतो, गप्पा होतात, काकू गेल्यापासून आपल्या हातून भाजी कशी खारट होते ते सांगून होतं. एरवी त्यांना कितीही बोलवा, येत नाहीत. बिनकामाचं कोणाच्या घरी जायचं नाही, असा त्यांचा बाणा. दिवाळीच्या फराळालासुद्धा हा माणूस खिशात पेचकस घालून आला होता!

दसऱ्यानंतर तिसऱ्याच दिवशी आमच्या केतकीची नोकरीची मुलाखत होती. दुपारी तीनला, कॉम्प्युटरवरच. मोबाईल चालणार नाही अशी कंपनीची अट. एक वाजता कॅमेरा लावून पाहिला, तर पडद्यावर पाटी आली की हे उपकरण ओळखता येत नाही. पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी काकाजींना फोन केला.

ते आले आणि खुर्चीत बसले. कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही.

"पहिले सांगा, घरात काय हललं?"

"काहीच नाही काकाजी," मी म्हणाले.

"मास्तरीणबाई, मशीन अशी उगाच रुसत नाही."

मग त्यांनी सगळ्या वायरी काढल्या आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या. आधी कीबोर्ड लावला. "बोला!" आम्ही तिघांनी, म्हणजे मी, नवरा आणि केतकीनं, "पास!" म्हणायचं. मग माउस. पास! मग प्रिंटर.

"काकाजी, कॅमेराच तेवढा पाहा ना," केतकी रडवेली झाली. "दोन वाजून गेले."

"बेटा, घाई काहून करून राहिली? मधातच हात घातला तर पहिल्यापासून सुरू कराव लागते." आणि खरंच, त्यांनी कीबोर्ड पुन्हा काढला. माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. ते लिहिण्यासारखं नव्हतं.

शेवटी कॅमेऱ्याची पाळी आली. पुन्हा तीच पाटी. नवरा म्हणाला, "मागच्या बाजूला लावू या का?" पण कॅमेऱ्याची वायर मागपर्यंत पोचेना. काकाजींनी वीज बंद केली, झाकण उघडून आत फुंकर मारली, मग कॅमेऱ्याची वायर लागते त्या पुढच्या भोकात टॉर्च मारला आणि बराच वेळ बघत राहिले. चिमट्यानं त्यांनी काहीतरी अलगद ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

अक्षतेचा दाणा होता. कुंकवानं लाल झालेला.

खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा मीच केली होती. हळद, कुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. कॅमेऱ्याची पिन त्या दाण्यामुळे पुरती आत बसतच नव्हती.

"छत्तीस वर्षं आम्ही लेथ मशीनची पूजा केली," काकाजी म्हणाले, "पण तिच्या तोंडात भात नाही घातला."

पावणेतीनला पडद्यावर केतकीचा चेहरा दिसला. आम्ही असे "पास!" ओरडलो की खालच्या मजल्यावरचे "क्या हुआ भैया?" विचारत वर आले. काकाजींनी तीन स्क्रू पिळले. "चौथा उद्या."

नवऱ्याला वाटलं, एवढं केलं त्यांनी, आता पुन्हा जिने कशाला चढायला लावायचे? संध्याकाळी त्यानं डब्यातला एक जुना स्क्रू शोधून बसवून टाकला.

सकाळी साडेदहाला काकाजी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात केतकीसाठी खव्याची जिलबी. वाकून त्यांनी झाकणाकडे पाहिलं आणि हातातला पेचकस परत खिशात ठेवला.

"अच्छा, बसवला काय? चांगलं केलं. चलो मग."

चहा नको म्हणाले, बसलेही नाहीत. जिलबी टेबलावर ठेवून कठडा धरत जिना उतरून गेले. मी दारात उभी राहिले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्या चौथ्या स्क्रूला खूळ समजत होते.

पुढे केतकीला ती नोकरी लागली. हुशारी तिची, पण त्या पावणेतीनचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

नवऱ्याच्या उपकाराची मात्र, काकाजी परतले त्याच दुपारी, मी वाट लावली. तो स्क्रू काढला आणि फोन केला, "काकाजी, झाकण खडखडून राहिलं."

ते अर्ध्या तासात आले. "पहिले सांगा, घरात काय हललं?"

मी मूठ उघडून स्क्रू त्यांच्यापुढे धरला. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आतून चहाच्या आधणाचा आवाज येत होता. त्यांनी स्क्रू उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसला आणि खिशात टाकला.

"चौथा उद्या," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.