मामाला तपासायला आलोय

भूगोलाच्या सरांना नकाशातली कुठलीही नदी डोळे मिटून दाखवता येत होती, आणि तेवढ्या जोरावर घरातलं कुठलंही यंत्र आपल्याला दुरुस्त करता येतं, अशी त्यांची ठाम समजूत होती!

"तासाभरात मामाला गप्प करतो!" बाह्या सरसावत त्यांनी त्या सकाळी जाहीर केलं.

मामा म्हणजे कपडे वाळवायचा ड्रायर. तो सरांच्या बायकोला तिच्या मामांनी लग्नात भेट दिला होता. त्याचं हे नामकरण सरांचंच. बायको आधी रागावली, मग हसली आणि मग तीही त्याला मामाच म्हणू लागली.

"आज नका हो त्याला हात लावू," ऑफिसला निघता निघता ती म्हणाली. "आज खरा मामा येतोय. आईबाबांच्या मागे त्यानंच मला वाढवलं, आता एकटा पडलाय. कायमचा इथेच राहशील का, असं मी त्याला विचारणार आहे. पण तो भारी मानी! आपली अडगळ होतेय असं नुसतं वाटलं तरी बॅग उचलून चालायला लागेल. घर जरा शांत असू द्या."

"शांतच करतोय की!"

बायको गेली आणि सरांनी ड्रायर भिंतीपासून ओढून त्याची पाठ उघडली. आत बराच वेळ खाटखूट करून त्यांनी पाठ पुन्हा लावली, तेव्हा हातात दोन स्क्रू उरले होते. कंपनीनं जास्तीचे दिले असणार, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. आधी नुसती घरघर होती. आता भांड्यांची बादली जिन्यावरून गडगडत यावी तसा खडखडाट सुरू झाला! शिवाय पानाही कुठे सापडेना, म्हणजे तो आतच राहिला असणार.

अखेर सरांनी मशीन बंद करून हळू आवाजात मामाच्या नेहमीच्या मेकॅनिकला फोन केला, त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं, आणि तो येईपर्यंत निदान पाना तरी काढावा म्हणून पाठ पुन्हा उघडून ड्रायरच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला. पाना हाताला लागला. हात मात्र बाहेर येईना.

नेमके त्याच वेळी मामा आले!

"दार सताड उघडं! जावईबापू, आहात का घरात?"

"या मामा, बसा! आलोच!" सर मागच्या खोलीतून ओरडले.

"बसतो, बसतो. अहो, वाटेत काय गंमत झाली..." मामांनी रिकाम्या बैठकीलाच प्रवासाची हकीकत सांगायला घेतली. ती ऐन रंगात आली असताना दारात पावलं वाजली.

"मामाला तपासायला आलोय," मेकॅनिक म्हणाला. "सरांनी बोलावलंय."

 आत सरांनी हात जोरात ओढून पाहिला; तो तसूभरही हलला नाही.

"अस्सं? काय झालंय म्हणे मामाला?" मामांनी थंडपणे विचारलं.

"काय नाही झालंय ते विचारा! एकदा सुरू झाला की तासभर घरघर, नुसती गरम हवा आणि काम शून्य! म्हातारा झालाय हो. मागच्या वेळीच मी सरांना म्हटलं, काढून टाका. तर म्हणाले, बायकोच्या माहेरचा आहे, काढायची सोय नाही!"

"मामा, तो मामा तुम्ही नाही!" सर जिवाच्या आकांतानं ओरडले. "मामा इथे आहे! मी मामात अडकलोय!"

दोघं धावत आत आले. सरांचा गाल पत्र्याला चिकटलेला, एक हात मशीनच्या पोटात. मेकॅनिकनं पत्रा सैल करून आधी सरांना सोडवलं, मग पाना बाहेर काढला. सरांनी धापा टाकत सगळा खुलासा केला. मामांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.

"म्हणजे ह्या मशीनला मामा म्हणता? मी दिलं म्हणून?"

"हो ना! प्रेमानं!"

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी ड्रायरवरून हातही फिरवला. मग त्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं.

"तो फ्रिज कुणी दिला?"

"माझ्या आत्यानं."

"मग त्याला आत्या म्हणता?"

सर खिशातले ते दोन स्क्रू चाचपू लागले. मेकॅनिक छताकडे बघू लागला. घरघर, गरम हवा, काम शून्य... मामांना सगळं उमगलं. ते काही न बोलता बैठकीत गेले आणि भाचीला भेटून लगेच निघायचं म्हणून बॅग मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसले. बडबड्या माणसाला आपण मुका केला, ह्याची सरांना इतकी लाज वाटली की मेकॅनिककडे बघायचाही धीर होईना.

संध्याकाळी बायको आली आणि मांडीवरची ती बॅग बघून दारातच थबकली.

"माझ्यामुळे," सर मान खाली घालून म्हणाले. "नाव मी ठेवलं होतं. का ठेवलं, तेही मामांना कळलंय. मामा, मी फार वाईट वागलो. तुम्ही जाऊ नका."

"मीही म्हणायचे रे, मामा," बायकोचे डोळे भरून आले. "हसायचेसुद्धा. तरी राहा ना! तू नसलास की मला घर घर वाटत नाही."

मामांनी बॅग मांडीवरून खाली ठेवली.

"राहीन," ते शेवटी म्हणाले. "पण मशीनचं नाव बदलायचं. आजपासून ते जावईबापू."

का, हे विचारायची सरांची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना, ड्रायरमध्ये मुळात दोष काय होता हे बायकोला समजावून सांगायला सरांनी तोंड उघडलं, तोच मागच्या खोलीतून मामांची हाक आली.

"अगं, जावईबापू फार आवाज करतायत! एक धपाटा घाल पाठीत, म्हणजे गप्प होतील!"

"कुठल्या जावईबापूंच्या?" बायकोनं विचारलं.

"जो हाताशी असेल त्याच्या!"

सर निमूटपणे उठले आणि कप विसळायला गेले.