बॅग कशाचं प्रतीक आहे?

वस्तू ही नुसती वस्तू असते असं मानणारा माणूस परीक्षेत नापास होतो. शाळेतले भाषेचे सर हे सत्य वर्षानुवर्षं एकाच अभिजात कादंबरीतून शिकवत आले होते. कादंबरीत बायको बोलते आणि नवरा ऐकत नाही, एवढंच घडतं. मात्र ती दिवा लावते तेव्हा ती आशा असते, आणि चहा गार होतो तो संवाद संपल्यामुळे (गुण चार). 'वेळेवर न प्यायल्यामुळे' असं लिहिणाऱ्याला भोपळा.

शब्दांच्या छटांचं तर विचारूच नका. 'घर', 'सदन' आणि 'बिऱ्हाड' यांतला फरक सर असा रंगवत की ऐंशी टक्के वर्ग भारावून जाई. (उरलेले वीस टक्के डबा खात.)

घरीही सरांचे कान तयार असत. "अहो, आज तरी लवकर या, डॉक्टरकडे जायचंय," असं बायको म्हणाली, तेव्हा त्या 'तरी'मधली व्याकुळता त्यांना इतकी भावली की त्यांनी ती त्याच दिवशी तिन्ही तुकड्यांना समजावून सांगितली. लवकर यायचं तेवढं राहून गेलं.

त्यानंतरच्या शनिवारी सर घरी आले, तर बाहेरच्या खोलीत भरलेली बॅग. बायको चपला घालत होती.

"ताईकडे चाललेय."

"वा! 'जाते' नाही, 'चाललेय'!" सर हरखले. "आणि ही बॅग बघ. गच्च भरलेली, पण बंद. न बोललेलं सगळं हिच्यात आहे!"

"कपडे आहेत हिच्यात. आणि औषधं. अहो, का चाललीस, एवढं तरी विचाराल?"

"अगं, शेवटच्या पानावर नायिका अगदी हेच विचारते!"

बायकोचे डोळे भरून आले. सरांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्यांचाही गळा दाटला. पण दाटलेला गळा काय सुचवतो, या विचारात बोलायचं राहिलं, आणि ती दार ओढून घेऊन गेली.

सर दाराकडे पाहत राहिले. तिने ते आपटलं नव्हतं. मग हा निरोप म्हणायचा की अपेक्षा? दोन्ही बाजूंनी उत्तर लिहिता येत होतं.

सुजाण वाचकांनीही एव्हाना दाराचा अर्थ लावला असेलच. उत्तम. फक्त ती अजून जिन्यातच उभी आहे. तिला हाक मारावी, हे सरांना सुचलं नाही. तुम्हालाही नाही.