मस्तगडचा नवा ट्रान्सफॉर्मर

बायकोचं गाणं रेडिओवर लागणार म्हटल्यावर कुणीही नवरा पेढे आणेल. भुजंगरावांनी ट्रान्सफॉर्मर आणायचं ठरवलं.

भुजंगराव अंबडच्या कोर्टात कारकून. पण जीव सगळा तारांना डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्नमध्ये. घरच्या घरी त्यांनी हेडफोनचा ॲम्प्लिफायर बनवला होता. तो रेडिओला जोडायचा आणि हेडफोन लावून ऐकायचं. (आता कानातच ऐकायचं, मग स्पीकर कशाला, म्हणून रेडिओचा स्पीकर त्यांनी काढून टाकला होता.) पण गाण्यामागे सारखी घूंऽऽ चालायची. भुजंगराव तिला हमिंग म्हणत. बायको सत्यशीला म्हणे, "पिठाची गिरणी."

"पॉवर सप्लाय कमजोर हाय," त्यांनी निदान केलं. "रविवारी तुझी गौळण लागायच्या आत मोठा ट्रान्सफॉर्मर बसवतो. तुझा आवाज कसा साफ ऐकू येतो बघ!"

सत्यशीला हरखली. रेडिओवर स्वतःचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. नळावर तिने गाण्याचं सांगितलं आणि जाता जाता म्हणाली, "आमचे हे नवा ट्रान्सफॉर्मर बसवू राह्यले. जुन्यात दमच न्हाई."

मस्तगडच्या ज्या गल्लीत दिवेलागणीला ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावते, तिथे हे बोलायला नको होतं. संध्याकाळी शेजारचे सर्जेराव आले.

"भुजंगराव, ट्रान्सफॉर्मर येणार म्हणं?"

"आला बी. रविवारी बसवतो."

"लोड झेपंल?"

"डबल झेपंल! मोठाच घेतला, पुन्हा कटकट नको."

"अन् खर्चा?"

"आपल्याच खिशातून. आवड हाय, सर्जेराव!"

सर्जेरावांनी त्यांना मिठीच मारली. आपल्या छंदाची एवढी कदर आजवर कुणी केली नाही, असं भुजंगरावांना वाटलं.

रविवारी गल्ली दारात हजर! सर्जेरावांच्या हातात हार, कुणाकडे नारळ. तुळजाबाई तर घरचा टेबलफॅन काखेत मारून आल्या होत्या. सगळे विजेच्या खांबाकडे पाहत होते.

"कुठंय ट्रान्सफॉर्मर?" सर्जेरावांनी विचारलं.

भुजंगरावांनी तो अभिमानाने चिमटीत धरून वर केला. चांगला पेरूएवढा होता.

"भुजंगा," तुळजाबाई म्हणाल्या, "ह्याच्यानं माझा पंखा फिरंल का रे?"

"मावशी, ह्यो हेडफोनचा हाय!"

सर्जेरावांना हाराचं काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनी तो रेडिओला घातला.

"आता आलेच हायेत तं माझं गाणं ऐकूनच जा," सत्यशीला म्हणाली. माणसं बसली. हेडफोन एकच. पहिला मान तुळजाबाईंचा, मग सत्यशीलाचा, असं ठरलं.

भुजंगरावांनी सोल्डरिंगचा शेवटचा डाग दिला, बटण दाबलं आणि म्हणाले, "एक मिनिट, टेस्ट करतो."

हेडफोन चढवून त्यांनी डोळे मिटले. घूं नव्हती! आवाज वाढवला, तरी नव्हती. डाव्या कानात नव्हती, उजव्या कानातही नव्हती. सत्यशीलाने त्यांचा दंड हलवला, त्यांनी हात वर करून थांब म्हटलं. तुळजाबाईंनी शर्ट ओढला, त्यांनी शर्ट सोडवून घेतला. अखेर पाणावल्या डोळ्यांनी त्यांनी हेडफोन उतरवला.

"गेली! घूं बिलकुल गेली!"

"अन् माझी गौळण?" सत्यशीलाने विचारलं.

भुजंगरावांनी रेडिओकडे पाहिलं. "गौळण? ... ती बी गेली असंल."

सत्यशीलाचा चेहरा उतरला. तेवढ्यात तुळजाबाई पुढे सरसावल्या. "आगं बाई, रेडिओत गेली तं जाऊ दे. तू तं इथंच हायेस. म्हण की!"

सत्यशीला आधी लाजली, मग पदर खोचून तिने अशी गौळण म्हटली की पलीकडच्या आळीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. सर्जेरावांनी टेबलावर ठेका धरला. मोठ्या खुशीत लोकांनी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं.

भुजंगरावही ऐकायला पुढे सरकले. पण सत्यशीलाने गाता गाताच हेडफोन उचलून त्यांच्या कानांवर घट्ट बसवला. रेडिओवर कपाशीवरच्या अळीच्या बंदोबस्ताची माहिती चालू होती. शब्द न् शब्द साफ ऐकू येत होता.