गर्गे अण्णांची बरोबरी

गर्गे अण्णा माणसांची ओळख सोंगट्यांच्या भाषेत करून देतात. "हा आमचा जावई. प्यादं आहे. चालतो सरळ, खातो तिरका." जावई शेजारीच उभा असतो.

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत बुद्धिबळात अण्णांना तोड नाही. ते जिंकतात याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या शवविच्छेदनाची. डाव संपला की हरलेल्याला बसवून ठेवायचं आणि त्याची अक्कल नेमकी कुठल्या चालीला चरायला गेली ते दाखवायचं. कुणी काकुळतीने बरोबरी मागितलीच, तर म्हणणार, "देवाणघेवाण लग्नाच्या बैठकीत. इथे निकाल लागतो."

परिणाम असा, की अण्णा पट घेऊन बागेत आले की एकाला रामकुंडावर जायचं आठवतं, दुसऱ्याचा गुडघा धरतो. मी तर घरी कुत्रा नसताना कुत्रा फिरवायला निघालेलो आहे. शेवटी अण्णा मोबाइलशी खेळू लागले. त्यालाही ते चुका समजावून सांगत.

मग नामपूरचे पगार काका मुलाकडे राहायला आले. आयुष्य कांद्यात गेलेलं, घोडा अडीच घरं जातो एवढंच ठाऊक. अण्णांनी बसा म्हटलं, ते बसले. आम्ही बाकाभोवती जमलो. इतके दिवस आपण कापले गेलो, आता दुसऱ्याचं बघायचं होतं.

थोड्याच वेळात पगारांचा राजा एकटा कोपऱ्यात उरला. समोर अण्णांचा हत्ती आणि वजीर. हत्ती पुढे सरकवला की मात. मलासुद्धा दिसत होती. अण्णांनी बराच वेळ पटाकडे पाहिलं आणि वजीर हलवला. राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही.

"बरोबरी," अण्णा म्हणाले.

"म्हणजे मी हरलो नाय?" पगारांनी विचारलं.

"नाही."

"लय भारी. मंग उद्या परत बसू."

पगार गेले. शवविच्छेदन झालंच नाही. मी म्हटलं, "अण्णा, हत्तीची मात तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली हो." ते सोंगट्या डबीत भरत होते. "सगळी सोसायटी हरवून झाली माझी. एकही जण दुसऱ्या दिवशी आला नाही."

मी एक प्यादं उचलून डबीत टाकलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "उद्या बसू म्हणाले ना ते? नक्की?"