गर्दी व्हायच्या आत

कोणत्याही कार्यक्रमाचा शेवट हा त्यातला सर्वांत धोक्याचा भाग असतो. सगळे एकदम उठतात, दार एकच असते आणि आपली गाडी नेमकी सगळ्यात आत अडकलेली असते. म्हणून शहाण्या माणसाने शेवटापूर्वी सात मिनिटे उठावे. आस्थापना विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या सासरेबुवांनी हे तत्त्व चाळीस वर्षे कसोशीने पाळले. त्यांनी पाहिलेल्या एकाही रहस्यमय नाटकातला खुनी कोण, हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही. पण फाटकातून गाडी काढताना त्यांना कुणी कधी अडवलेले नाही. (स्वतःच्या निरोपसमारंभातूनही ते आभारप्रदर्शनाआधी निघाले. आभार त्यांचेच होते.)

असे हे सासरेबुवा सपत्नीक परदेशी लेकीकडे आले. पहिल्या आठवड्यात तीन संग्रहालये, दोन किल्ले आणि एक धबधबा उरकला. (धबधबा संपत नसल्यामुळे कधी उठावे, याबाबत थोडी तांत्रिक अडचण आली.) मग शनिवार उजाडला आणि जावईबापूंनी फुटबॉलचा विषय काढला.

जावईबापू आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करीत आणि शनिवारी नवव्या श्रेणीतल्या एका क्लबाचे गोलरक्षक असत. दहावी श्रेणी नाही. असती तर क्लब तिच्यात असता. संघात दोन नळ दुरुस्त करणारे, एक पोस्टमन, एक दातांचा डॉक्टर आणि बाकी त्यांचे मेहुणे. मोसमाची कामगिरी पुढीलप्रमाणे : सामने सतरा, पराभव पंधरा, बरोबरी दोन (पैकी एक दाट धुक्यामुळे, चेंडू कुठे गेला ते दोन्ही संघांना कळले नाही). गोलफलकावर लोखंडी आकडे टांगत. पाहुण्या संघासाठी बारापर्यंतचे आकडे होते. यजमानांसाठी दोनपर्यंत होते आणि त्यातला दोन अजून वेष्टनातच होता.

तरी जावईबापूंचा त्या मैदानावर जीव होता. परक्या देशात त्यांना नावानिशी हाक मारणारी पहिली माणसे तिथेच भेटली होती. आणि आज त्याच मैदानाचा निकाल लागायचा होता. नगरपालिकेने अट घातली होती की मोसमाच्या शेवटच्या सामन्याला किमान पन्नास प्रेक्षक हवेत, नाहीतर मैदान परत. तिथे वाहनतळ होणार.

"बाबा, तुम्ही दोघं आलात की एक्कावन्न होतात," जावईबापू म्हणाले. "फक्त शेवटपर्यंत बसा. एवढंच करा माझ्यासाठी."

"अहो, बसायला काय लागतं?" सासरेबुवा म्हणाले. "जन्मभर तेच तर केलं!"

मोजणीसाठी पालिकेच्या निरीक्षकबाई आल्या होत्या. सासरेबुवांनी लेकीकडून नियमावली समजून घेतली : मोजणी शेवटच्या शिट्टीला, जागेवर असलेलेच प्रेक्षक धरले जातील, क्लबाचे पदाधिकारी, चहाच्या टेबलावरील महिला (त्यात लेक होती) व कुत्री धरली जाणार नाहीत. सुरुवातीला येतात ते पाहुणे, शेवटी उरतात ते प्रेक्षक, असा त्यामागचा विचार. सासरेबुवांना तो मनापासून पटला. "चोख नियम आहे," ते म्हणाले. "आपल्याकडे असा एकही नाही."

सामना सुरू झाला. एका बाजूला कुंपणाची झाडी, दुसऱ्या बाजूला धुलाई केंद्राची मागची भिंत. चेंडू भिंतीवर आदळला की आतून कुणीतरी शिवी दिल्यासारखे बोले. विसाव्या मिनिटाला पोस्टमनच्या पाठीला लागून चेंडू जाळ्यात गेला. एक-शून्य! एकचा आकडा फलकवाल्या आजोबांनी उलटा टांगला. सासूबाईंनी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. सासरेबुवाही उठून ओरडले. जावयाचा इतका अभिमान त्यांना लग्नातही वाटला नव्हता.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला त्यांनी घड्याळ पाहिले.

नियम त्यांना पाठ होता आणि दिलेला शब्दही. पण गुडघ्यांना नियमावली वाचता येत नाही. "चल," ते सासूबाईंना म्हणाले, "गर्दी व्हायच्या आत निघू या."

"अहो, पण जावई म्हणाले ना, शेवटपर्यंत..."

"हा शेवटच झाला की! सात मिनिटांत काय आभाळ कोसळणार आहे?"

वाहनतळावर एकूण अकरा गाड्या होत्या. लेक आणि जावईबापू येईपर्यंत गाडी हलणार नव्हतीच, कारण किल्ली लेकीकडे होती. दोघे गाडीला टेकून उभे राहिले. थोड्या वेळाने मैदानातून प्रचंड आरडाओरडा ऐकू आला.

"बघ," सासरेबुवा म्हणाले, "सुटली गर्दी."

तो आरडाओरडा जावईबापूंनी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली त्याचा होता. क्लबाची मोसमातली पहिली जीत. त्यानंतर शिट्टी वाजली. निरीक्षकबाईंनी दोनदा मोजले. एकोणपन्नास.

जावईबापू बाहेर आले तेव्हा गुडघ्यांना चिखल होता. त्यांनी गाडीचे दार उघडून धरले. लेक एवढेच म्हणाली, "बाबा, सात मिनिटं!" सासरेबुवा रस्ताभर खिडकीबाहेर पाहत राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपली लाज वाटली.

पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. आता मैदानाच्या जागी दोनशे चाळीस गाड्यांचा वाहनतळ आहे. गोलपोस्ट होते तिथे एकतीस नंबरची जागा. जाण्यायेण्याची दारे चार, त्यामुळे गर्दी अजिबात होत नाही. सासरेबुवा तिथे अर्धा तास बसून राहिले. उठायची घाई नव्हती. संपण्यासारखे तिथे काही उरलेच नव्हते.

यावर आपण हसलात, हे ठीकच. मात्र अजून किती राहिले आहे, हे आपण मघाशी पान खाली नेऊन पाहिलेत, त्याची नोंद झाली आहे. वाचकांची मोजणीही शेवटच्या ओळीलाच होते. निरीक्षकबाईंनी आत्ताच केली. एकोणपन्नास भरले, आणि आपण तर इथेच आहात. तेव्हा कमी पडलेला तो पन्नासावा वाचक कोण, हे शेजारी वळून पाहू नका, मागचे दोन परिच्छेद आपण खरोखर वाचलेत का तेवढे पाहा.